लिफ्ट अडकली नव्हती

२०२५ च्या मे महिन्यात माझा भाचा सुट्टीसाठी आमच्याकडे पुण्याला राहायला आला होता. दहावीची परीक्षा संपलेली, निकालाची धाकधूक पोटात असलेली, आणि रात्री लवकर झोपण्याचे काहीही कारण नसलेले ते दिवस होते. जेवणे झाली की मी आणि तो टॅब्लेट समोर ठेवून जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे तिकडच्या कार्टून मालिका आणि चित्रपट, पाहत बसायचो. एका रात्री त्याच्या आवडीचे, दुसऱ्या रात्री माझ्या आवडीचे, असा आमच्यात करार झाला होता. माझ्या वाटच्या रात्री मी ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’साठी राखून ठेवल्या होत्या. १९९५-९६ सालची ही सव्वीस भागांची मालिका मी विशीत असताना पाहिली होती आणि तेव्हा ती माझ्या मनात घर करून राहिली होती. सुट्टी संपेपर्यंत सगळे भाग बसावेत म्हणून एकेका रात्री दोन-दोन, तीन-तीन भाग पाहत आम्ही बाविसाव्या भागापर्यंत आलो. त्या भागात एक लिफ्ट आहे. लिफ्टमध्ये असुका आणि रेई या दोन मुली उभ्या आहेत. त्या एकमेकींकडे पाहत नाहीत, बोलत नाहीत. चित्र थांबलेले आहे आणि फक्त लिफ्टच्या यंत्राचा आवाज येत राहतो. जवळजवळ मिनिटभर हे असेच चालते. वीस-एक सेकंद गेल्यावर भाच्याने हात पुढे केला आणि बोटाने पडद्यावर दोनदा टकटक केले.

“मावशी, नेट अडकलं वाटतं.”

अडकलेले नव्हते. टकटक केल्यामुळे खालची पट्टी वर आली, तिच्यावरचा ठिपका पुढे सरकताना दिसला, आणि त्याचे त्यालाच कळले. तो “अच्छा” म्हणाला आणि पुन्हा मागे टेकून बसला. त्या मिनिटाच्या शेवटी रेई असुकाला सांगते, की मन उघडल्याशिवाय इव्हा, म्हणजे त्या चालवतात ते महाकाय यंत्र, हलणार नाही. हे वाक्य आले तेव्हा खालची पट्टी अजून पडद्यावरच होती. मी काही बोलले नाही. पण त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. खरे सांगायचे तर मला त्याचा राग आला होता, आणि राग कशाचा आला हे मला नीट सांगता येत नव्हते. त्याने काहीही वाईट म्हटले नव्हते. समोरचे चित्र हलत नाही म्हणजे यंत्रात काहीतरी बिघाड आहे, हा त्याचा निष्कर्ष त्याच्या अनुभवाला धरूनच होता. ज्या चित्रपटांवर त्याची नजर तयार झाली आहे त्यांत केस हलतात, ठिणग्या उडतात, तलवारीमागून पाण्याची लाट येते, आणि कॅमेरा पक्ष्यासारखा खोलीतून खोलीत घुसत जातो. मिनिटभराच्या शांततेसाठी त्याच्या जगात एकच शब्द होता, तो म्हणजे बफरिंग.

माझी स्वतःची नजर कशावर तयार झाली, याचा मी त्या रात्री विचार करत राहिले. आमच्या पिढीने पाहिलेले पहिले अ‍ॅनिमे म्हणजे मोगली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, रविवारी सकाळी, दूरदर्शनवर. कराडच्या आमच्या घरात तेव्हा कृष्णधवल टीव्ही होता. शेजारी रंगीत होता, पण तिथे गेले की पुढे बसायला मिळत नसे, म्हणून मी आणि ताई आपल्याच घरी पाहत असू. गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजांची चाल आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज; त्यामुळे हे सगळे आपल्याकडचेच आहे याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. जंगल मध्य भारतातले, वाघ आपला, आवाज आपल्या नानांचा. ती मालिका जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९-९० मध्ये बनवली होती, आणि तिथे तिचे बावन्न भाग होऊन गेल्यावर ती आपल्याकडे आली होती, हे मला कळले तेव्हा मी पुण्यात जपानी भाषेच्या वर्गाला जात होते. भारतातल्या जंगलाची गोष्ट एका इंग्रज माणसाने लिहिली, जपानी चित्रकारांनी तिची चित्रे काढली, आणि ती कराडमधल्या दोन बहिणींपर्यंत हिंदीत पोहोचली. हा प्रवास समजल्यावर मला उगाचच अभिमान वाटला होता.

त्या वयात आम्हा दोघींचा एक खेळ होता. मोगली डोंगराच्या कडेने चालला असेल, तर कोणता दगड निसटणार हे आम्ही आधीच ओळखायचो. सगळा डोंगर ब्रशने मऊसर रंगवलेला असायचा, खडकांवर सावल्यांचे पदर असायचे, आणि त्यातला एकच दगड सपाट, कडेला ठळक रेघ असलेला, बाकीच्यांहून थोडा उजळ दिसायचा. कृष्णधवल पडद्यावरही तो ओळखू यायचा. ताई ओरडायची, “हा पडणार बघ!” आणि तो पडायचाच. का ओळखता येते हे आम्हांला माहीत नव्हते. खूप वर्षांनी समजले, की जे हलायचे नाही ते कागदावर पोस्टर रंगांनी रंगवलेले असे, आणि जे हलायचे ते वेगळ्या पारदर्शक तावावर सपाट रंगाने भरून त्या चित्रावर ठेवलेले असे. दोन निरनिराळ्या माणसांनी, दोन निरनिराळ्या रंगांनी काढलेली चित्रे एकमेकांवर ठेवून कॅमेऱ्याने टिपली जात. आजच्या अ‍ॅनिमेमध्ये हा फरक संगणक बेमालूम पुसून टाकतो. दगड कोणता पडणार हे आता शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही. चित्र म्हणून ते निश्चितच अधिक एकसंध आहे, परंतु त्या ओरडण्यात जो आनंद होता तो त्यासोबत गेला, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मात्र स्मरणावर फार विसंबू नये. दोन वर्षांपूर्वी मी मोगलीचे काही भाग पुन्हा पाहिले आणि चौथ्या भागानंतर मला ते पाहवेनात. लांडगे धावतात ते तेच धावणे पुन्हा येते. दरी ओलांडणारी तीच उडी, त्याच कोनातून, पुन्हा येते. एखादा संवाद चालू असताना माणसे पुतळ्यासारखी उभी आणि फक्त तोंड उघड-मीट करते आहे, असे सलग कितीतरी वेळ दिसते. नऊ वर्षांच्या मुलीला हे काहीच दिसले नव्हते, कारण तिला आठवड्यातून एकदाच, अर्धा तास, तेवढेच मिळत होते आणि मधले सहा दिवस ती ते मनात पुन्हा पुन्हा चालवत होती. मनात चालवताना तिने ते कितीतरी सुंदर करून घेतले असणार. ते पाहिल्यापासून, जुने ते सारेच सोने असे कोणी म्हणू लागले की मी गप्प बसते.

हे थांबलेपण आले कुठून, याचे उत्तर साधे आहे आणि ते पैशात आहे. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामू तेझुकांची ‘तेत्सुवान आतोमू’, म्हणजे जगाला ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ म्हणून माहीत असलेली मालिका, जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग, हाती मोजकी माणसे, आणि तेझुकांनी स्वतःहून कमी लावलेली किंमत. सेकंदाला चोवीस चौकटी फिल्मवर उमटवाव्याच लागतात, पण चित्र एकच ठेवून ते दोन-दोन, तीन-तीन चौकटींसाठी वापरले तर बारा किंवा आठ चित्रांत सेकंद भागतो. माणूस उभा ठेवून फक्त तोंड हलवले तर आणखी वाचतात. एकदा काढलेले धावणे जपून ठेवून दहा भागांत वापरले तर आणखी. त्या कमी किमतीचे ओझे पुढे चित्रकारांच्या अनेक पिढ्यांनी तुटपुंज्या मजुरीच्या रूपाने वाहिले, आणि त्याबद्दल तेझुकांना दोष देणारे आजही आहेत. तो दोष मला खोटा वाटत नाही. पण त्याच अडचणीतून काही लोकांनी असे काही काढले, की जे भरपूर पैसा असता तर कदाचित सुचलेच नसते. ओसामू देझाकी यांनी १९७० च्या ‘आशिता नो जो’ या मुष्टियोद्ध्याच्या मालिकेपासून ऐन भावनेच्या क्षणी चित्र थांबवायला आणि त्याचे जाड रेघांच्या, रंगांचे फटकारे दिसणाऱ्या चित्रात रूपांतर करायला सुरुवात केली. धावता प्रसंग एकदम भिंतीवरच्या तसबिरीसारखा होतो. ज्या क्षणाला माणूस पुढे आयुष्यभर आठवणार आहे, तो क्षण त्याच्या आठवणीत जसा राहील तसाच दाखवायचा, अशी ती युक्ती आहे. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे इव्हँजेलियनच्या अखेरच्या भागांच्या वेळी वेळापत्रक कोलमडलेले होते, हे जगजाहीर आहे. तेव्हा ती लिफ्ट वेळ नव्हता म्हणून थांबली, की दोन मुलींना एकमेकींशी बोलता येत नव्हते म्हणून थांबली, हा प्रश्न सोडवण्याची मला गरज वाटत नाही. तिच्यात उभे राहिले की गुदमरायला होते, आणि तेवढे मला पुरते.

या जुन्या पद्धतीची एक वस्तू माझ्याकडे आहे. काही वर्षांपूर्वी अनुवादाच्या कामानिमित्त मी टोकियोला गेले होते आणि एका रविवारी नाकानो ब्रॉडवे या इमारतीत दिवस काढला होता. तिथे जुन्या मालिकांचे सेल विकणारी दुकाने आहेत. सेल म्हणजे तोच पारदर्शक ताव, ज्यावर रेघ पुढून उमटवलेली असते आणि रंग पाठीमागून भरलेला असतो. नामांकित पात्रांच्या सेलच्या किमती ऐकूनच मी मागे सरले. शेवटी एका खोक्यात, स्वस्तातल्या गठ्ठ्यात, मला एक सेल सापडला, ज्यावर फक्त एक तोंड होते. चेहरा नाही, डोळे नाहीत. एवढ्या मोठ्या स्वच्छ तावाच्या मध्यभागी करंगळीच्या नखाएवढे एक अर्धवट उघडे तोंड, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेले एक अक्षर व आकडा. दुकानदारालाही ते कोणत्या मालिकेतले आहे हे सांगता आले नाही. मी तो घेतला. घरी येऊन पिशवीतून बाहेर काढला तेव्हा लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास आला. हे ताव अ‍ॅसिटेटचे असतात, आणि जुने झाले की त्यांतून व्हिनेगरचा वास सुटू लागतो. ते हळूहळू आक्रसतात, वाकडे होतात. उलटा करून पाहिला तर ओठांचा रंग रांगोळीच्या भरावासारखा जाडसर हाताला लागतो आणि एका कडेला रेघेच्या बाहेर किंचित गेलेला आहे. कोणीतरी, बहुधा एखाद्या तरुण मुलीने, दिवसभरात असे कितीतरी सेल रंगवले असतील. रंगकामाच्या विभागात मुलीच अधिक असत. पुढून पाहिले की ते बाहेर गेलेले रेघेआड लपते.

मी हे इतक्या बारकाईने सांगते आहे, कारण जुन्या अ‍ॅनिमेकडे पाहताना मला नेहमी तो हात दिसतो आणि माझ्या भाच्याला तो दिसत नाही. दिसण्याचे काही कारणही नाही. एकविसावे शतक सुरू होताना जपानी स्टुडिओ झपाट्याने संगणकाकडे वळले. १९६९ पासून अखंड चालू असलेल्या ‘साझाए-सान’ने २०१३ मध्ये सेल सोडले, तेव्हा दूरचित्रवाणीवरचा सेलचा काळ संपला. भाचा तेव्हा तीन-चार वर्षांचा असेल. त्याच्या दृष्टीने चित्रावर नाचणारा धुळीचा कण, रेघेची बारीक थरथर, एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना शर्टाची किंचित बदललेली छटा, ह्या सगळ्या चुका आहेत. माझ्या दृष्टीने त्या माणसांच्या खुणा आहेत. आम्ही दोघेही आपापल्या जागी बरोबर आहोत, असे म्हणून विषय मिटवता आला असता. पण मला तो मिटवायचा नव्हता. मला हवे होते, की त्यालाही ते आवडावे. इतके साधे आणि इतके स्वार्थी होते ते.

म्हणून दुसऱ्या रात्री मी करार मोडला आणि ‘अकिरा’ लावला. कात्सुहिरो ओतोमोंचा हा चित्रपट १९८८ चा, म्हणजे जपानमध्ये पैशाला पूर आलेला असतानाचा. दीड लाखाहून अधिक सेल, रात्रीच्या शहरासाठी खास तयार करून घेतलेले रंग, आणि संवाद आधी ध्वनिमुद्रित करून मग त्याबरहुकूम काढलेली तोंडे. जपानमध्ये बहुतेक वेळा याच्या उलट असते, आधी चित्र आणि मग आवाज. मोटारसायकलींचे मागचे दिवे लाल रेघा ओढत गेले आणि भाचा सरळ बसला. मध्ये त्याने फक्त एकदा विचारले, “यात कॉम्प्युटर किती आहे?” जवळजवळ नाहीच, असे मी सांगितले. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मी खोटे बोलते आहे आणि वडीलधारी असल्यामुळे तो मला तसे म्हणू शकत नाही. चित्रपट संपल्यावर मात्र त्याने आपल्या फोनवर त्याच दृश्याची एक चित्रफीत शोधून मला दाखवली. कोणीतरी सॉफ्टवेअर वापरून मधल्या चौकटी भरल्या होत्या आणि सेकंदाला साठ चौकटी केल्या होत्या. “हे बघ, हे किती स्मूद आहे,” तो म्हणाला. मला ते पाहताना तेलकट काहीतरी डोळ्यांवरून ओघळते आहे असे वाटले. मोटारसायकल आडवी घसरत थांबते त्या क्षणी चित्रकाराने काही चित्रे मुद्दाम काढलेली नाहीत. त्या गाळण्यानेच वजन येते, झटका बसतो. यंत्राने ती जागा बुजवली की तीच गाडी साबणाच्या वडीसारखी सुळकन जाते. मी त्याला दोन्ही फिती एकामागून एक तीनदा दाखवल्या. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “जुन्यात थांबल्यासारखी वाटते. म्हणजे, खरंच थांबल्यासारखी.” त्याला काय म्हणायचे होते ते मला पुरते कळले.

तेव्हा अडचण चित्रांच्या जुनेपणाची नव्हती. त्याच्या चार महिने आधी, जानेवारी २०२५ मध्ये, मी त्याला ‘रामायण : द लीजंड ऑफ प्रिन्स राम’ पाहायला घेऊन गेले होते, तेव्हाच हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. जपानी दिग्दर्शक यूगो साको १९८३ मध्ये अलाहाबादजवळच्या उत्खननावर माहितीपट करायला भारतात आले आणि रामायणाच्या प्रेमात पडले. कोइची सासाकी आणि आपले अ‍ॅनिमेशनकार राम मोहन यांच्यासह त्यांनी हा चित्रपट केला आणि धोतर कसे नेसतात, नमस्कार करताना हात कुठे येतात, हे जपानी चित्रकारांना इथल्या चित्रकारांनी समजावून सांगितले. चित्रपट तयार झाला तेव्हा चित्रपटगृहांत त्याला म्हणावे तसे लोक लाभले नाहीत. तो मुलांपर्यंत पोहोचला तो पुढे टीव्हीवरून. आता बत्तीस वर्षांनी तो स्वच्छ करून मोठ्या पडद्यावर आला होता. आमच्या मागच्या रांगेत एक आजी होत्या, पुढे दोन लहान मुले होती. कुंभकर्णाला उठवण्याचा प्रसंग आला तेव्हा ती मुले खुर्चीवर उभी राहिली. हनुमान समुद्रावरून झेपावला तेव्हा मागून आजींचा हलका सुस्कारा ऐकू आला. मोठ्या पडद्यावर आकाशातले ब्रशचे फटकारे दिसत होते आणि कोणाचेही काही बिघडत नव्हते. भाचा मध्यंतरात एवढेच म्हणाला, की रामाचे केस हलत नाहीत. मग पॉपकॉर्न संपवून तो पुढे सरसावून बसला. अंधार होता, पडदा मोठा होता, हात पोहोचेल एवढ्या अंतरावर टकटक करण्यासारखे काही नव्हते.

मला वाटते मुख्य फरक इथेच आहे. टॅब्लेटवर पाहताना प्रत्येक क्षण आपल्या बोटाच्या टप्प्यात असतो. कंटाळा यायच्या आधीच दहा सेकंद पुढे नेता येतात, आणि पुष्कळ मुले संपूर्ण मालिका दीडपट वेगाने पाहतात. दीडपट वेगाने ‘डीमन स्लेअर’ ही भाच्याची आवडती हल्लीची मालिका पाहता येते, कारण त्यातल्या प्रत्येक चौकटीत डोळ्यांना पकडून ठेवणारे काहीतरी असते. ते काम काही हलके नाही. ती करणाऱ्या युफोटेबल स्टुडिओच्या लोकांनी पाण्याच्या लाटा जुन्या जपानी ठशांच्या रेघांनी काढल्या आहेत आणि भाच्याबरोबर ते पाहताना मीही एक-दोनदा श्वास रोखला. पण १९७४ ची ‘हायडी’ दीडपट वेगाने पाहिली तर तिच्यात काही उरत नाही. इसाओ ताकाहातांनी त्या मालिकेसाठी सहकाऱ्यांना घेऊन स्वित्झर्लंडला जाऊन डोंगर पाहिले, शेळ्या पाहिल्या. आजोबा विस्तवावर चीज धरतात, ते हळूहळू सैल होते, चमकते आणि पावावर उतरते, एवढेच त्यात घडते. ते उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा दिला नाही तर ते चीज राहत नाही.

सगळेच जुने असे वेळ द्यावा अशा योग्यतेचे नसते, हेही मला मान्य करावे लागते. आठवडा भरून काढण्यासाठी घातलेले रेंगाळणारे भाग, प्रत्येक भागाच्या सुरुवातीला गेल्या वेळची लांबलचक उजळणी, आणि मुलींच्या पात्रांकडे पाहण्याची काही मालिकांमधली नजर, जिच्यामुळे भाच्यासोबत पाहताना मला पुढे ढकलण्याचे बटण शोधावे लागले. ते टिकले नाही तर मला दुःख नाही.

मे महिन्याच्या अखेरीस त्या वर्षी पाऊस लवकर आला. वीज जाऊन-येऊन होती, आणि आई त्या दिवशी आमच्याकडे होती. संध्याकाळी मी ‘तोतोरो’ लावला. हायाओ मियाझाकींचा हा चित्रपटही १९८८ चाच, ‘अकिरा’ला तीन महिने बाकी असतानाचा. त्याच देशात, त्याच वर्षी, त्याच सेलवर एकीकडे शहर उद्ध्वस्त होत होते आणि दुसरीकडे दोन लहान बहिणी बसथांब्यावर बाबांची वाट पाहत होत्या. आई मेथी निवडत बसली होती. तिला जपानी येत नाही आणि खालच्या इंग्रजी ओळी ती वाचत नव्हती. बसथांब्याचा प्रसंग सुरू झाला. पाऊस पडतो आहे. बस येते, पण तिच्यात बाबा नाहीत. अंधारून येते, धाकटी पेंगुळते, थोरली तिला पाठुंगळी घेते. एक बेडूक रस्त्याने जातो. मग शेजारी कोणीतरी येऊन उभे राहते, आणि छत्रीच्या कडेखालून आधी फक्त त्याचे पाय दिसतात. मला हा प्रसंग पाठ आहे, म्हणून मी पडद्याकडे न पाहता त्या दोघांकडे पाहत होते. आईचे हात थांबले होते, एक काडी बोटांत तशीच राहिली होती. भाच्याचा फोन गादीवर पालथा पडला होता.

“बसची वाट अशीच बघतात,” आई म्हणाली. “आम्ही पाटणच्या फाट्यावर उभे राहायचो ना, तेव्हा छत्रीवरचा आवाज असाच यायचा.”

भाच्याने तिला विचारले की बस किती वेळाने यायची. मग चित्रपट तसाच पुढे चालू राहिला आणि त्या दोघांचे फाट्यावरच्या एसटीबद्दल बोलणे चालू राहिले, आणि एरवी चित्रपटात कोणी बोलले की मला होणारा त्रास त्या दिवशी झाला नाही. जपानी भाषेत ‘मा’ असा एक शब्द आहे. दोन गोष्टींच्या मधली रिकामी जागा, दोन टाळ्यांमधली शांतता, असा त्याचा अर्थ होतो. अनुवाद करताना मला त्याच्यासाठी एक मराठी शब्द कधीच सापडला नाही. प्रत्येक वेळी वाक्य बघून वेगळा योजावा लागतो. त्या संध्याकाळी त्या जागेत आईने पाटणचा फाटा आणून ठेवला. थोड्या वेळाने शेजारी उभ्या त्या तोतोरोने, म्हणजे रानातल्या अजस्र केसाळ प्राण्याने, उडी मारली, झाडावरचे सगळे पाणी एकदम छत्र्यांवर कोसळले, आणि तिघेही हसलो.

जूनमध्ये तो गेला. इव्हँजेलियनचे चार भाग राहिले होते. ते त्याने पुढे पाहिले का, हे मी फोनवर मुद्दामच विचारले नाही. विचारले असते तर माझे मन राखायला तो हो म्हणाला असता. सप्टेंबरमध्ये ‘डीमन स्लेअर’चा नवा चित्रपट आपल्याकडे लागला, तेव्हा तो मित्रांबरोबर सकाळच्या पहिल्याच खेळाला गेला आणि दुपारपर्यंत मला निरोपांवर निरोप पाठवत राहिला. त्यांतल्या एकात लिहिले होते, की शेवटाकडे एका ठिकाणी सगळे शांत होते आणि पूर्ण थिएटर गप्प बसले होते, कोणाचा फोनसुद्धा वाजला नाही. एवढेच, पुढे काही नव्हते.

दिवाळीत तो आला तेव्हा मी कपाटातून ते पाकीट काढले. याआधी मी तो सेल त्याला दाखवला नव्हता, कारण एक तोंड पाहून तो काय म्हणेल याची मला धास्ती होती. त्याने पाकीट उघडले आणि नाक मुरडले.

“व्हिनेगर?”

मी हो म्हटले. त्याने ताव दोन्ही कडांनी धरून खिडकीकडे नेला. दुपारचे ऊन त्यातून आरपार आले आणि समोरच्या भिंतीवर त्या तोंडाची बोटभर सावली पडली. तो बराच वेळ ताव पुढे-मागे करत सावली लहान-मोठी करत राहिला. मग उलटा करून, ओठांच्या कडेला बाहेर गेलेला रंग त्याने नखाने, अगदी न टेकवता, मला दाखवला.

“बाकीचा चेहरा कुठे आहे हिचा?”

“दुसऱ्या सेलवर. चेहरा एकदाच काढायचा आणि वरून तोंडं बदलत राहायची. बहुतेक वेळा तीनच असायची. मिटलेलं, अर्धं आणि उघडं. हे मधलं.”

“आणि तो चेहरा?”

“असेल कोणाकडे तरी. किंवा नसेलही.”

त्याने माझ्या टेबलावरचा एक कोरा कागद घेतला, त्यावर ताव ठेवला, कडा जुळवल्या आणि कोपऱ्यातला आकडा वाचला. मग ताव उचलला, तोंड होते त्या जागी कागदावर पेन्सिलीने एक बारीक ठिपका केला आणि ताव पुन्हा पाकिटात सरकवून ठेवला. बाहेर कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. त्याने मान वर केली नाही. ठिपक्याच्या वर, अंदाजाने, तो एक नाक काढत होता.